पोच न आलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मुलाजवळ नाही, मित्रांजवळ नाही. जिच्याजवळ बोलायला हवं होतं, ती आता नाही. तुमच्याजवळ बोलतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखतही असाल. आमच्या भागातल्या बागेत ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र आहे, तिथे माझं व्याख्यान तुम्ही ऐकलं असेल कदाचित. विषय ठरलेला: इंटरनेटवरची फसवणूक आणि ती कशी टाळावी. निवृत्त ग्रंथपाल, जाड चष्मा, हातात जुन्या कॅटलॉगची कोरी कार्डं, त्यांवर पेन्सिलीने लिहिलेले मुद्दे. तो मीच.

मुद्दे मला पाठ आहेत. पासवर्ड कुणालाही सांगू नये. कुठलीही बँक, कुठलीही मेलची कंपनी तो मागत नाही. जो मागतो तो चोर. पाठवणाऱ्याचं नाव पाहू नये, पत्ता नीट अक्षर अन् अक्षर वाचावा. 'चोवीस तासांत करा, नाहीतर बंद' असं कुणी म्हटलं की हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसावं — घाई आपली नसते, त्याची असते. एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नये. फोनवर आलेला आकडा कुणाला वाचून दाखवू नये, अगदी जावयाचा आवाज वाटला तरी. या वाक्याला लोक हसतात. मी थोडा थांबतो, त्यांना हसू देतो.

सातव्या कार्डावर एक मुद्दा आहे. तो मी लिहिला, पण कधी वाचला नाही. दरवेळी सहावरून आठवर जातो. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

सातव्या कार्डाकडे येईन. आधी वासंतीबद्दल सांगायला हवं.

वासंती माझी पत्नी. आम्ही दोघंही मूळचे वर्ध्याकडचे. माझी नोकरी सदाशिव पेठेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागली म्हणून पुण्यात आलो आणि धनकवडीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. इथे आल्यावर वर्षभरात मी माझी भाषा बदलली. तिने नाही. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवूनही 'काहून' आणि 'बाप्पा' तिच्या तोंडून गेले नाहीत. सोसायटीतल्या बायका हसायच्या, तीही हसायची. मला मात्र चारचौघांत अवघडल्यासारखं व्हायचं. हा अपराध वेगळा. छोटा. पण त्याच खणातला.

तिला एकच बहीण, मालू. हिंगणघाटला असायची. दोघींचा जीव एकमेकींत इतका, की फोनवर बोलताना एकमेकींचं वाक्य पुरं करायच्या. आमचा नितीन तेव्हा बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये लागला होता. त्याने घरी कॉम्प्युटर आणून बसवला आणि आम्हा दोघांच्या नावाचा मिळून एकच मेलचा पत्ता काढून दिला. दाराला एक पत्रपेटी असते तसा. त्या काळी कितीतरी घरांत असंच होतं. नवराबायकोला वेगळे पत्ते कशाला, असंच वाटायचं. पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या शेवटच्या पानामागे लिहिलेला असे. नवं वर्ष लागलं की वासंती तो नव्या कॅलेंडरवर उतरवून घ्यायची, गॅसवाल्याच्या नंबरासोबत.

मला वाटलं होतं, ती त्या यंत्राजवळ फिरकणार नाही. पण महिन्याभरात ती एका बोटाने टाइप करायला लागली. कारण मालूने हिंगणघाटच्या सायबर कॅफेत जाऊन पहिला मेल पाठवला होता. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, तेही वऱ्हाडी. आठवड्यातून एकदा यायचा. कॅफेवाला तासाप्रमाणे पैसे घ्यायचा म्हणून मालू भराभर लिहायची, आणि वेळ संपत आली की मधेच तोडायची: 'बाकीचं पुढच्या मंगळवारी.' वासंती ते मेल मोठ्याने वाचायची. त्यात काय असायचं? कुणाचं लग्न, कुणाची म्हैस, आईच्या हातच्या पातोडीची आठवण, दोघींनी मिळून शाळेतल्या बाईंची केलेली नक्कल. मी पेपर वाचतो आहे असं दाखवून ऐकायचो.

दोन वर्षं हे चाललं. मग मालूला कर्करोग निघाला आणि चार महिन्यांत ती गेली.

त्यानंतर वासंती दुपारची कॉम्प्युटर लावून बसायची आणि जुने मेल उघडून वाचायची. शंभरेक होते. एकदा मला म्हणाली, "अहो, हे सगळं कागदावर छापून आणता का कुठून?" मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. म्हणालो, "कागदाला कसर लागते. तिथे आहेत ते सुरक्षित आहेत." ग्रंथपालाचं मत. तिने मान डोलावली. मग नितीनला सांगून तिने पासवर्ड बदलून घेतला. मालूचं नाव आणि तिच्या जन्माचं साल. कॅलेंडरच्या मागचा जुना खोडून नवा लिहिला.

आता तो दिवस.

सकाळी कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. "काय हो, लंडनला कधी गेलात?" मी म्हटलं, "मी धनकवडीत आहे." ते म्हणाले, "मग तुमचं पाकीट आणि पासपोर्ट कुणी चोरलं? सकाळी सकाळी मेल आलाय तुमचा. दोन दिवसांसाठी मदत करा म्हणताय. इंग्रजी इतकं वाईट होतं की तुमचं नसणार, हे कळलं मला." तासाभरात आणखी तिघांचे फोन. वासंतीने कॉम्प्युटर लावला. पासवर्ड टाकला. चुकीचा आहे, असं आलं. पुन्हा टाकला. कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं, एकेक अक्षर बोटाने दाखवत टाकला. चुकीचा.

"काहून असं करते हे?" ती म्हणाली. मला नाही, त्या यंत्रालाच.

आम्ही नितीनला फोन लावला. वासंती रिसीव्हर कानाला लावून उभी, मी तिच्या शेजारी. त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "आई, काल काही उघडलं होतंस का? कुठं क्लिक केलंस?" आदल्या दिवशी तिने एक ग्रीटिंग उघडलं होतं. मालूच्या मुलीने, पल्लवीने, पाठवलेलं. उमलणारं कमळ आणि त्याखाली लुकलुकणारी अक्षरं. तिने मला बोलावून दाखवलं होतं. "तेच असणार," नितीन म्हणाला. "असल्या कार्डांतूनच येतं सगळं. आई, किती वेळा सांगितलंय, दिसलं की दाबायचं नसतं."

तिने फोन ठेवला. माझ्याकडे वळली. म्हणाली, "मीच केलं ना हो?"

मला थांबू द्या जरा.

त्या ग्रीटिंगमध्ये काहीही नव्हतं. कमळ होतं फक्त. जे झालं ते आदल्या दिवशीच, दुपारी साडेतीन वाजता झालं होतं, चहाच्या आधी. वासंती भाजी आणायला गेली होती. मी निवृत्त होऊन चार महिने झाले होते. एका पत्राला उत्तर द्यायचं होतं आणि ते मी दिलं होतं.

पत्र मेलवरच आलं होतं, मेलच्या कंपनीच्या नावाने, इंग्रजीत. आमच्या पेटीची तपासणी चालू आहे. खातेदाराने आपलं नाव, जन्मतारीख आणि पासवर्ड उलट टपाली कळवावा, अन्यथा चोवीस तासांत पेटी बंद होईल. खाली सही, हुद्दा, संदर्भ क्रमांक. संदर्भ क्रमांक! आयुष्यभर ज्याने जावक-आवक पाहिली त्याला तेवढं पुरलं. त्यात व्याकरणाच्या तीन चुका होत्या. माझ्या लक्षात आल्या होत्या. आज मी व्याख्यानात सांगतो की अशा चुका हीच चोराची खूण. तेव्हा मला एवढंच वाटलं, हल्ली कारकुनांना इंग्रजी येत नाही.

मी आधी कागदावर कच्चा मसुदा केला, वर तारीख, वेळ आणि संदर्भ क्रमांक टाकून. कार्यालयात सदतीस वर्षं तसंच केलं होतं. 'आपल्या वरील संदर्भाच्या पत्रास अनुसरून...' मग तो इंग्रजीत नीट उतरवून टाइप केला. नाव. जन्मतारीख. पासवर्डच्या जागी मालूचं नाव लिहिलं, तिच्या जन्माचं साल लिहिलं, आणि तपासून पाहिलं की स्पेलिंग बरोबर आहे ना. शेवटी लिहिलं, 'कृपया पोच द्यावी.' पाठवून दिलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे काही माहिती मागितली होती, आणि ती वेळेत दिल्याचं मला बरं वाटलं. खरं सांगतो, छान वाटलं. वासंती भाजी घेऊन आली तेव्हा मी शीळ घालत चहा टाकत होतो. चहा झाल्यावर तिने ते कमळ उघडून दाखवलं.

पोच आली नाही.

म्हणजे सकाळी प्राचार्यांचा फोन आला तेव्हाच मला कळलं होतं. नितीन ओरडत होता तेव्हा मला माहीत होतं. ती माझ्याकडे वळून 'मीच केलं ना हो' म्हणाली तेव्हा कच्चा मसुदा माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, चार घड्या घातलेला.

आणि मी काय म्हणालो? 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, "असू दे. होतं असं."

मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जे मी केलं होतं त्याबद्दल तिला माफ केलं. आणि ती मला म्हणाली, "तुम्ही रागावले नाही, हेच खूप झालं बाप्पा."

कारण काय, ते मला आजही नीट मांडता येत नाही, आणि मांडलं तर ती सबब होईल. घरातला शहाणा मी होतो. सोसायटीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज मी भरून दिले होते. एवढंच.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित लिहायला बसलो नसतो. नितीन शनिवारी बंगळुरूहून आला. त्याने दोन दिवस ते ग्रीटिंग, त्यातून आलेला व्हायरस शोधला. सापडेना, तेव्हा अख्खा कॉम्प्युटर पुसून नव्याने भरला. मेलच्या कंपनीला लिहिलं, की आईने एक कार्ड उघडलं आणि त्यानंतर खातं गेलं. कंपनीची छापील उत्तरं आली. मागितली ती माहिती जुळत नाही, असं म्हणणारी. महिन्याभराने त्याने नाद सोडला. फोनवर आईला म्हणाला, "जाऊ दे, नवा पत्ता काढू." तिला नवा पत्ता नको होता. जुन्या पेटीत मालू होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी, व्याख्यानासाठी वाचताना, मी एके ठिकाणी वाचलं की पासवर्ड चुकून दिला गेला, तर पहिल्या काही तासांत, फार तर काही दिवसांत, घडलं तसं खरं-खरं कळवलं तर पुष्कळदा खातं परत मिळतं. कुणाला उत्तर दिलं, किती वाजता दिलं, काय लिहिलं — हेच विचारतात. ते सगळं माझ्या खिशात होतं. वेळेसकट, संदर्भ क्रमांकासकट. नितीन बाहेरच्या खोलीत व्हायरस शोधत होता तेव्हा मी तो कागद संडासात फाडला आणि दोनदा पाणी सोडलं.

मिळाले असते का मालूचे मेल? माहीत नाही. कदाचित. या 'कदाचित'सोबत मी राहतो.

सातव्या कार्डावर लिहिलं आहे: 'चूक झालीच तर लगेच, खरी, घरच्यांना सांगा.'

वासंतीने त्यानंतर कॉम्प्युटरला हात लावला नाही. ती वेंधळी आहे हे घरात ठरून गेलं. भांडणात नाही, प्रेमाने. नितीन थट्टा करायचा, सून करायची, हळूहळू ती स्वतःच करू लागली. दुधाची पिशवी फ्रिजऐवजी कपाटात ठेवली गेली तर म्हणायची, "मेल घालवला तशी मी." जी बाई पन्नास मुलांची हजेरी न बघता घ्यायची, ती कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायला लागली.

आणि मी? मी वाचत सुटलो. फसवणुकीच्या जेवढ्या तऱ्हा असतील तेवढ्या. अपराध्याचं मन असतं हे. मला तेव्हा तो अभ्यास वाटला. सोसायटीत लोक विचारायला येऊ लागले. मग केंद्रातून बोलावणं आलं.

पहिल्या व्याख्यानाला वासंती दुसऱ्या रांगेत बसली होती. अबोली रंगाची साडी. चौथ्या कार्डावर पोचलो आणि मी म्हणालो — हे कार्डावर नव्हतं, कसं तोंडात आलं कुणास ठाऊक — "लांब कशाला जा, आमच्या घरातलंच उदाहरण देतो." आणि ते कमळ सांगितलं. लुकलुकणारी अक्षरं सांगितली. लंडनचा फोन सांगितला. लोक पोट धरून हसले. मागून कुणी ओरडलं, "आमच्या हिला तर मी टीव्हीचा रिमोटही देत नाही!"

तेवढ्यात लिमयेबाई उठल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. म्हणाल्या, "काय हो, उदाहरणाला बरी बायको सापडते तुम्हाला? तुमच्या घरात पुरुष चुकतच नाहीत वाटतं?"

सगळे पुन्हा हसले. मी कार्डांकडे पाहत राहिलो. ती वेळ होती. यापेक्षा नेमका प्रश्न मला कुणी कधी विचारला नाही. आणि त्याचं उत्तर वासंतीने दिलं. अर्धवट उठून, मागे वळून ती लिमयेबाईंना म्हणाली, "नाही हो, खरंच माझ्याच हातून झालं ते. यांनी तर मला एका शब्दाने बोललं नाही."

टाळ्या पडल्या. मला.

घरी जाताना ती म्हणाली, "माझ्यामुळे भाषण तरी रंगलं तुमचं." त्यात कुचकेपणा नव्हता. तिला तो यायचाच नाही. पुण्यात इतकी वर्षं राहूनही. तिला खरंच बरं वाटलं होतं, की त्या चुकीचा काहीतरी उपयोग झाला.

त्यानंतर दरवर्षी एक-दोन व्याख्यानं. दरवेळी ते कमळ.

वासंतीला जाऊन आता दीड वर्ष झालं. शेवटची सहा-सात वर्षं तिच्याकडे स्मार्टफोन होता. नितीनने दिलेला. फोन आला तर घ्यायची, एवढंच. आलेले निरोप वाचायची, दोन शब्दांचं उत्तर द्यायची, पण कुठे दाबायची नाही. नातवाचा व्हिडिओ आला तरी फोन माझ्या हातात द्यायची: "तुम्हीच बघा आधी, काही धोका नाही ना." मी बघायचो. धोका नाही, म्हणायचो. मग ती माझ्या खांद्यावरून बघायची.

ती गेल्यावर तो फोन मी चार्ज करून ठेवत राहिलो. का, ते विचारू नका. मागच्या महिन्यात पहिल्यांदा तिचे निरोप उघडले. पल्लवीचे होते पुष्कळ. त्यातला एक पाच वर्षांपूर्वीचा: 'मावशी, आईचे जुने फोटो सापडले. सगळे इथे टाकलेत, बघ गं.' खाली निळी ओळ. त्याला वासंतीचं उत्तर, एका बोटाने लिहिलेलं: 'छान केलं बेटा.' बघितले, असं तिने लिहिलं नव्हतं. ती खोटं बोलत नसे.

हे मात्र तिने माझ्याकडेही आणलं नव्हतं. नातवाचा व्हिडिओ आणायची, हे नाही. मालूचं काही पुन्हा माझ्या हातून बिघडायला नको, असं वाटलं असेल. नाही — चुकलं. तिच्या हातून, असं वाटलं असेल.

एक सांगतो. इतकी वर्षं माझी एक आशा होती, की तिला कळलं असावं. केव्हातरी. बायकांना कळतं, असं आपण म्हणतो आणि सुटतो. तिला कळलं आहे आणि ती मला सांभाळून घेते आहे — किती सोयीचं होतं ते! पण ज्या बाईला कळलं असतं, की कमळात काही नव्हतं, तिने ती निळी ओळ दाबली असती.

मी दाबली. अकरा फोटो होते. शेवटचा सायबर कॅफेतला. लाकडी फळ्यांचा अरुंद कप्पा, जाडजूड मॉनिटर, त्याच्यासमोर मालू. चष्मा कपाळावर सरकलेला, एक बोट हवेत, अक्षर शोधत थांबलेलं. तोंड किंचित उघडं — वाक्य पुढे आहे आणि वेळ संपत आली आहे, असं. खाली पल्लवीने लिहिलं होतं: 'आई, मावशीला मेल करताना.'

मी तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला. माझ्या खांद्यावरून पाहायला कुणी नव्हतं.

काल केंद्रातून फोन आला होता. यंदाचं व्याख्यान कधी ठेवू या, म्हणून. सांगतो म्हटलं. कार्डं समोर ठेवली आहेत. चौथ्यावर खोडाखोड केलेली नाही. कमळाचा मजकूर तिथे नव्हताच कधी. तो मी दरवेळी तोंडाने सांगत आलो.

तर, जे तोंडाने सांगितलं नाही ते लिहून ठेवतो. त्या दुपारी साडेतीन वाजता, वासंती भाजी आणायला गेली असताना, त्या पत्राला उत्तर मी दिलं. मालूचं नाव मी लिहून दिलं. स्पेलिंग तपासून.